खुराड्याची साक्ष

नॉर्डेन, मिनेसोटा
९ जानेवारी १९१०

सिग्वाल्ड,

तुझं पत्र आलं. पाकिटावर प्रतिनिधीगृहाचं नाव छापलेलं पाहून गुनहिल्डला वाटलं, कुणीतरी गेलं. नवऱ्याच्या नावाचं असूनही तिने ते दारातच फोडलं. मग आत येऊन म्हणाली, "कुणी गेलं नाही. तुझा भाऊ आहे."

सहा वर्षांनी पत्र आलं की माणूस आधी त्यामागचं कारण शोधतो. तू आईची तब्येत विचारली आहेस. बर्फाचं विचारलं आहेस. आणि तिसऱ्या परिच्छेदात, सहज आठवल्यासारखं, आमचे रेल्वेतले टपालाचे डबे कसे आहेत ते विचारलं आहेस. "मोकळेपणाने लिही," असंही म्हटलं आहेस. कामाची गोष्ट तिसऱ्या परिच्छेदात घालायची, हे तुम्हा वकिलांना शिकवत असतील.

मोकळेपणाने मला एवढंच लिहिता येतं की उत्तर देता येत नाही. राष्ट्राध्यक्षांचा नोव्हेंबरचा हुकूम आमच्या हजेरीच्या खोलीत घड्याळाखाली चिकटवला आहे. सरकारी नोकराने प्रतिनिधीगृहाच्या सभासदाकडे काही मागायचं नाही. सभासदाने आपण होऊन काही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. जे असेल ते खात्याच्या प्रमुखांमार्फत. नाहीतर नोकरी जाईल. भावांसाठी वेगळी सोय त्यात नाही. मी पुन्हा जाऊन वाचून आलो.

हुकूम लागला त्या दिवशी माझ्या डब्यातला ओटो फ्रायटाग मला म्हणाला, "टोर्गर, एवढ्या मोठ्या देशात तुला मोजक्याच लोकांशी बोलायची बंदी झाली, आणि त्यात तुझा भाऊ निघाला." सगळे हसले. मी म्हणालो, तसंही आम्ही बोलत नाही.

आई बरी आहे. डोळे गेल्यात जमा आहेत, तरी बटाट्याच्या पोळ्या स्वतः लाटते आणि तव्यावरची पोळी वासावरून उलटते. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. तिसरा परिच्छेद गाळला. ती म्हणाली, "मधे काय होतं?"

"काही नाही."

"मग तुझा आवाज खड्डा चुकवल्यासारखा का उडाला?"

मी अजून सात नंबरच्या गाडीवर आहे. धावत्या डब्यात उभं राहून पत्रं खणांत टाकायची, गठ्ठे बांधायचे. प्रत्येक गठ्ठ्यावर एक चिठ्ठी असते, तिच्यावर बांधणाऱ्याच्या नावाचा शिक्का. आत चुकीचं पत्र सापडलं तर पुढचा माणूस ती चूक चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी परत पाठवतो. माझ्या फारशा परत येत नाहीत. हे कामाबद्दल झालं का? मला वाटतं, हे माझ्याबद्दल आहे.

पुढचं पत्र साध्या पाकिटात घालून पाठव.

टोर्गर


२ फेब्रुवारी

सिग्वाल्ड,

तू खात्यामार्फत विचारलंस. मीच तसं सुचवलं होतं, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही.

आज सकाळी गाडी जोडायच्या आधी प्रुइट साहेब फलाटावर आले. ते आमच्या लाईनीचे मुख्य कारकून. हातात कागद, कागदाखाली पाटी. म्हणाले, "सभासद हॉगलंड यांनी चौकशी केली आहे. डबे समाधानकारक आहेत का, असं विचारलंय. उत्तर टाइप करून आलंय, खाली सह्या करा."

ओटो म्हणाला, "साहेब, प्रश्न आम्हाला आणि उत्तर तुमचं?"

"फ्रायटाग, थंडी आहे. सही कर."

"शाई गोठलीय."

"ही घे पेन्सिल."

मग ते माझ्याकडे वळले. "हे हॉगलंड तुझे कोण?"

"भाऊ."

"सख्खा?"

"हो."

"मग आधी तूच कर."

म्हणून माझी सही सगळ्यात वर आहे. ती कुणाची आहे ते कळू नये अशी केली आहे. गुनहिल्डला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, याला धैर्य म्हणत नाहीत, गिचमीड म्हणतात.

तो कागद तुझ्यापर्यंत पोचेल. त्यात लिहिलं आहे की डब्यांबद्दल कर्मचाऱ्यांची तक्रार नाही. त्यावर विश्वास ठेवू नकोस, असं मला लिहिता येत नाही. म्हणून ते मी लिहिलेलं नाही.

आज दिवसभर माझ्या हातून पत्रं चुकीच्या खणात जात होती. ओटो मागून काढून ती बरोबर खणात टाकत होता.

टोर्गर


१९ मार्च

सिग्वाल्ड,

तुझी चार ओळींची चिठ्ठी मिळाली. "खात्याचं उत्तर आलं. तुझी सही पाहिली. सगळं ठीक आहे हे वाचून बरं वाटलं."

बरं वाटलं! शाळेत मी वडिलांच्या नावाने खोटी सही केली तेव्हा ती खोटी आहे हे दुरून कुणी ओळखलं होतं? तू माझं अक्षर ओळखतोस. घाबरून लिहिलेलंही ओळखतोस. मी ती चिठ्ठी खिशात घालून धान्याच्या कोठारांपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. राग गेला नाही. बूट मात्र भिजले.

असो. आता घरचं लिहितो. घरचं लिहायला कुणाची बंदी नाही.

मागच्या आवारात कोंबड्यांचं एक खुराडं आहे. लाकडी, जुनं. वरून पाहिलं तर उभं आहे. पण तळाची तुळई कुजली आहे. सुतळी कापायचा चाकू तिच्यात मुठीपर्यंत जातो, आणि जोर लावावा लागत नाही. छत गळतं. पाणी नेमकं जिथे कोंबड्या उभ्या असतात तिथे पडतं. आत एक शेगडी आहे आणि तिच्याजवळ कागदाचे ढीग. हिवाळ्यात खुराड्याच्या पुढे एक आणि मागे एक अशा दोन लोखंडी भिंती उभ्या केल्या आहेत, भल्या मजबूत. एखाद्या दिवशी त्या भिंती एकमेकींकडे सरकल्या तर मधल्या लाकडाचं काय होईल, हे कोंबड्यांना चांगलं ठाऊक आहे. त्या आपसात बोलतात. बाहेर बोलायची त्यांना मनाई आहे.

चाकूचं मी मुद्दाम लिहिलं आहे.

टोर्गर


८ एप्रिल

सिग्वाल्ड,

ट्वेट सुतार काल आला होता. गाडीत फळ्या, खिळे, आणि मदतीला जावई. दारात उभा राहून म्हणाला, "खुराडं कुठंय?"

गुनहिल्ड म्हणाली, "कुणाचं?"

"तुमचंच. सभासदांचं पत्र आलंय वॉशिंग्टनहून. आईच्या कोंबड्यांचं खुराडं पडायला आलंय, ताबडतोब दुरुस्त करा म्हणून."

आई आतून ओरडली, "कोंबड्या मी शरद ऋतूतच विकल्या! तो मुलगा कुठल्या कोंबड्यांबद्दल बोलतोय?"

ट्वेट माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, सिग्वाल्डचा काहीतरी घोटाळा झाला असेल. मग त्याला रिकामं कसं पाठवायचं, म्हणून मागच्या पायरीच्या दोन फळ्या बदलून घेतल्या. गुनहिल्ड आधी पोट धरून हसली. मग डोळे पुसले. म्हणाली, "त्याला कळलंच नाही?"

मला ते ठरवता येत नाही. तू इतका मूर्ख नव्हतास. म्हणजे तुला कळलं आणि तू थट्टा केलीस. किंवा वॉशिंग्टनमध्ये माणूस खरोखर मूर्ख होत असेल.

चाकू तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देतो. जुन्या खटल्याबद्दल लिहायला हुकुमाची हरकत नाही. आमच्यातला हाल्वोर मोए आमच्या तेव्हाच्या डब्यात मेला. मागून इंजिनाचा धक्का बसला आणि डबा काडेपेटीसारखा दुमडला. त्याच्या बायकोने, थिल्डाने, रेल्वे कंपनीवर दावा लावला. कंपनीचा वकील तू होतास. ओटो साक्षीला उभा राहिला आणि म्हणाला की अपघाताच्या आधी त्याने त्या डब्याच्या तुळईत चाकू खुपसून पाहिला होता, तो मुठीपर्यंत गेला होता. तू उठलास. कोटाचं बटण लावलंस. विचारलंस, "मिस्टर फ्रायटाग, सरकार तुम्हाला पगार टपाल निवडायचा देतं की लाकूड कोरायचा?"

सगळं कोर्ट हसलं. मी मागच्या बाकावर होतो. थिल्डाला तेव्हा इंग्रजी नीट येत नव्हतं. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, कुणीतरी विनोद समजावून सांगेल अशी.

तू खटला जिंकलास. त्यानंतर मी तुझ्याशी बोललो नाही. याचं कारण मी तुला कधी कळवलं नव्हतं, आणि तूही विचारलं नव्हतंस.

आता दुसरं. ट्वेटने न्हाव्याकडे खुराड्याची गोष्ट रंगवून सांगितली. आज प्रुइट साहेब हजेरीच्या खोलीत माझ्याशेजारी येऊन बसले. हातमोजे काढले, गुडघ्यावर ठेवले.

"ऐकलं की तुझ्या कोंबड्यांची काळजी थेट वॉशिंग्टनला आहे."

"आईच्या, साहेब."

"तिच्याकडे कोंबड्या नाहीत म्हणे."

"नाहीत."

"चांगलं आहे," ते म्हणाले. "नसलेल्या कोंबड्यांना धोका नसतो. असलेल्या कारकुनाचं तसं नाही." मग उठले आणि माझ्या खांद्यावर थाप मारून गेले. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनाही कुणीतरी तसंच विचारलं असणार.

आणि आमचा डबा कारखान्यातून परत आला आहे. नवा रंग, बाजूला सोनेरी आकडे. दारात उभं राहिलं की रंगाचा वास डोक्यात जातो. ओटोने चाकू काढला, इकडेतिकडे पाहिलं, आणि खाली वाकून तुळईत घातला. रंगाचा पापुद्रा तुटला. त्यानंतर काहीच आवाज झाला नाही.

डब्यावरचे आकडे कुठले, ते मी लिहिलेलं नाही.

टोर्गर


१८ मे

सिग्वाल्ड,

काल आपण बोललो ते तुला माहीत आहे. तरी मी ते लिहून काढतो. बोलताना मी नुसता इकडेतिकडे बघत होतो. कागदावर आलं की मला नीट ऐकू येईल.

सतरा मे, नॉर्वेच्या घटनेचा दिवस, म्हणजे तू भाषणाला येणारच होतास. चर्चच्या आवारात झेंडे, बँड, लहान मुलांची मिरवणूक. तू नॉर्वेच्या घटनेबद्दल बोललास. तिच्या आधी शेतकऱ्याला राजाला काही सांगायचं तर पाच पायऱ्यांनी सांगावं लागे, असं म्हणालास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रुइट साहेबांनीही वाजवल्या. त्यांचं नॉर्वेशी काही नातं नाही, ते फुकटच्या कॉफीला येतात. काल मात्र कॉफी सोडून ते तुझ्या आणि माझ्या मधे उभे होते.

तू म्हणालास, "काय टोर्गर, खुराडं कसं आहे?"

साहेब म्हणाले, "हो, त्या खुराड्याबद्दल मलाही उत्सुकता आहे."

आणि आई, जी बाकावर बसून सगळं ऐकत होती, तिने हात पुढे करून साहेबांची बाही बरोबर पकडली. "तुम्ही प्रुइट ना? बसा इथं. आंबट सायीची लापशी खाल्लीत का? नाही? गुनहिल्ड, यांना वाढ. लोणी वरून घाल, भरपूर. खा. मला दिसत नाही, पण बशी रिकामी झाली की कळतं."

तो माणूस उठू शकला नाही. ती एक बशी संपली की दुसरी मागवत होती. आपण घोड्यांच्या शेडपर्यंत गेलो तेवढा वेळ तिने काढून दिला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शेडमध्ये तू पहिलं वाक्य बोललास ते असं: "कोंबड्यांची साक्ष आमच्या टपाल समितीपुढे चालत नाही."

मी म्हणालो, "म्हणजे तुला कळलं होतं."

"चाकू वाचल्यावर लगेच."

"मग सुतार कशाला पाठवलास?"

"तू पुन्हा खुराड्याचं लिहू नयेस म्हणून. मला नाव लागतं, टोर्गर. गाडीचा नंबर लागतो. खात्याच्या कागदावर चार सह्या आहेत की सगळं ठीक आहे. त्याच्यासमोर मी काय ठेवू, तुझं पाळीव पक्ष्यांवरचं पत्र?"

मग तू विधेयकाबद्दल सांगितलंस. सरकारी नोकराने सभासदाला पत्र लिहिलं, समितीपुढे काही सांगितलं, म्हणून त्याला काढता येणार नाही. एवढंच. तू ते आत्ताच मांडलं आहेस म्हणालास.

मी म्हणालो, "छान. ते मंजूर झालं की मी लिहितो."

"मंजूर व्हायला आधी कुणीतरी लिहायला हवं. समितीतले लोक विचारतात, तुझे हे गप्प बसवलेले कारकून आहेत कुठं? आम्हाला तर एकही भेटला नाही."

"गप्प बसवलेला माणूस कसा भेटेल?"

"हेच मी त्यांना म्हणालो. ते हसले."

मी म्हणालो, "हसवायला तुला जमतं."

एका घोड्याने पाय आपटला. तू म्हणालास, "तेव्हा मला तेवढंच येत होतं."

पुढे काही बोलशील म्हणून मी थांबलो. पण बँड सुरू झाला आणि तू टोपी घालून बाहेर गेलास. तेवढ्या एका वाक्यात तुझं भागलं का? माझं नाही भागलं.

परत आलो तेव्हा साहेब तिसऱ्या बशीवर होते आणि त्यांचा चेहरा लोण्यासारखा झाला होता.

टोर्गर


२६ मे

सिग्वाल्ड,

लिहायला बसलो आणि उठलो. पुन्हा बसलो आहे.

गुनहिल्डचं म्हणणं सरळ आहे. "त्या पत्राखाली सही केलीस की नोकरी जाईल. त्याचा कायदा पुढच्या वर्षी होईल, नाहीतर होणारच नाही. तोवर तू काय करणार? वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तुला कोण कामावर घेणार? तुला देशातल्या सगळ्या टपाल कचेऱ्यांची नावं पाठ आहेत, आणि त्याचा दुसरीकडे कुठंही उपयोग नाही."

मी म्हणालो, "मग नको करू?"

ती म्हणाली, "मी तसं म्हटलं नाही. तू विचारलंस काय होईल, मी सांगितलं काय होईल."

ओटोला विचारलं. तो म्हणाला, "माझं नाव घालू नकोस. मी एकदा बोललोय कोर्टात. आता मी दारूच्या दुकानात गेलो तरी कुणीतरी विचारतं, काय रे, आज काय कोरलंस?" मग जरा वेळाने म्हणाला, "चाकू हवा तर ने."

२९ मे. पुढे.

आज गाडी हार्लो स्टेशनाच्या वळणावर जोरात थांबली. रुळांवर गाय होती, एवढंच. पुढचा लोखंडी डबा आणि मागचा लोखंडी डबा यांच्यामधे आमचा डबा करकरला. आम्ही चौघेही जिथे होतो तिथेच थांबलो. कुणी कुणाकडे बघितलं नाही. मग गाडी हलली आणि ओटो म्हणाला, "फार्गोचा गठ्ठा झाला का?" मी म्हणालो, झाला. झाला नव्हता.

३१ मे. पुढे.

आईला सगळं सांगितलं. ती सूत गुंडाळत होती, मी लड धरून बसलो होतो. हात अडकलेले असले की मला बोलता येतं.

ती म्हणाली, "तुझ्या बापानं नॉर्वे का सोडला?"

"जमीन नव्हती म्हणून."

"जमीन कुणालाच नव्हती. रस्त्यात पाद्री दिसला की टोपी काढून चिखलात उभं राहायला लागायचं. एक दिवस पाद्री गाडीतून गेला आणि मागं वळून बघितलंसुद्धा नाही. घरी येऊन तुझा बाप म्हणाला, चल." तिने सूत ओढलं. "आणि तू भावाला पत्र लिहायला परवानगी मागतोस?"

"परवानगी नाही मागत. घाबरतोय."

"ते वेगळं," ती म्हणाली. "घाबरायला हरकत नाही. हात खाली सोडू नकोस, गुंता होतो."

मला अजून ठरवता येत नाही. हे पत्र उद्या टाकतो. निदान हे तरी.

टोर्गर


५ जून १९१०

माननीय सभासद सिग्वाल्ड हॉगलंड यांस,
टपाल समिती, प्रतिनिधीगृह, वॉशिंग्टन

मी टोर्गर हॉगलंड, सात नंबरच्या गाडीवर टपाल कारकून आहे. हे पत्र मी खात्यामार्फत न पाठवता थेट पाठवत आहे. तसं करायला मनाई आहे हे मला माहीत आहे.

२ फेब्रुवारीच्या कागदावर पहिली सही माझी आहे. त्यात लिहिलं आहे की डब्यांबद्दल तक्रार नाही. ते खोटं आहे. उत्तर आधी टाइप झालं होतं, सह्या नंतर घेतल्या.

आमचा डबा लाकडी आहे. पुढचा आणि मागचा डबा लोखंडी आहे. धक्का बसला तर ते दोन टिकतील आणि मधला चिरडला जाईल. त्यात चार माणसं असतात. तळाची तुळई कुजली आहे. एप्रिलमध्ये डबा दुरुस्तीला नेला आणि रंगवून परत आणला. तुळई तीच आहे. छत गळतं आणि पत्रं भिजतात. शेगडी कागदांच्या ढिगापासून हाताच्या अंतरावर आहे.

सोबत तुळईचा तुकडा आहे. पाकीट उघडताना खाली कोरा कागद धरावा. तुकडा तुकड्यासारखा राहिला नसेल.

हे सगळं समितीपुढे माझ्या नावाने वाचावं. विचारायचं असेल तर मी येईन.

इथपर्यंत समितीसाठी. पुढचं तुझ्यासाठी, पण तेही समितीपुढे वाचलंस तर माझी हरकत नाही.

तुकडा मीच काढला. चाकू ओटोचा, नाव माझं. मी तुळईशी वाकलो होतो तेव्हा तो दारात उभा राहून मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "काय रे, पगार टपाल निवडायचा घेतोस की लाकूड कोरायचा?" आम्ही दोघं हसलो. सहा वर्षांत त्या वाक्यावर तो पहिल्यांदा हसला.

म्हणून माझी एक अट आहे. माझं पत्र वाचशील तेव्हा तुझा तो प्रश्नही वाच. कुठल्या कोर्टात, कुणाच्या वतीने, कुणाला विचारला होतास, तेही सांग. थिल्डा मोए आता सेंट पॉलला शिवणकाम करते, तिचं इंग्रजी चांगलं झालं आहे. समितीचं काम वर्तमानपत्रात छापून येतं. ती वाचेल. तुला निवडून आणायला कंपनीच्या लोकांनी किती मदत केली हे मला माहीत नाही, पण पुढच्या वेळेस ते करणार नाहीत एवढं कळतं. मी नोकरी पुढे ठेवतो आहे. तूही काहीतरी ठेव.

पत्र आईला वाचून दाखवलं, सगळं. तिने तुकडा मागितला. बोटांत धरला, चुरला, वास घेतला. म्हणाली, "हे चुलीतसुद्धा जळायचं नाही." मग हात झटकले आणि विचारलं, "यात उभा राहतोस तू?"

गुनहिल्डने स्वच्छ कागद आणून दिला, हा. ती शेजारी उभी आहे. म्हणते आहे, या वेळेस सही वाचता येईल अशी कर.

सकाळी हे पत्र मी माझ्याच गाडीत टाकणार आहे. दुसऱ्या गाडीतून पाठवलं असतं तर कुणाच्या हातून गेलं ते कळलं नसतं, पण मग खाली नाव कशाला लिहायचं? मीच त्यावर आमच्या लाईनीचा शिक्का मारीन. वॉशिंग्टनच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवीन. गठ्ठ्यावर चिठ्ठी लागेल, तिच्यावर गाडीचा नंबर, तारीख आणि माझं नाव.

चूक सापडली तर चिठ्ठी परत पाठव.

टोर्गर हॉगलंड